अल्बेनियात मिशनरी म्हणून जाण्याआधी

पुण्याच्या एका तरुण जोडप्याने प्रश्न पाठवला आहे. तो इंजिनियर, ती नर्स, दोघंही मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलेले. एका संस्थेमार्फत दोन वर्षांसाठी अल्बेनियाला जायचं घाटतंय. ते विचारतात : ‘जिथे सरकारनेच देवावर बंदी घातली होती, तिथले लोक आता वचनासाठी भुकेले असतील ना? तिथलं रोजचं जगणं कसं असतं? आम्ही काय तयारी करावी?’ कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर लवकरच मी तिथे गेलो आणि कर्तेपणाची बरीच वर्षं तिथेच काढली, म्हणून हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे आला. उत्तर लांबणार आहे, आणि सगळंच तुम्हाला आवडेल असं नाही.

आधी भुकेचं बघू. १९९१ मध्ये लोक भुकेले होते हे अगदी खरं, पण ते पावाला भुकेले होते. कारखाने बंद पडले होते, सहकारी शेती लोकांनी स्वतःच मोडून टाकली होती, शाळांच्या खिडक्यांच्या काचासुद्धा कुणी कुणी काढून नेल्या होत्या. त्या वर्षी ८ ऑगस्टला ‘व्लोरा’ नावाचं एक मालवाहू जहाज सुमारे २०,००० माणसं घेऊन इटलीच्या बारी बंदराला लागलं. एकाच जहाजावर. त्यातल्या बहुतेकांना इटलीने परत धाडलं. मग इटलीचं सैन्यच धान्य घेऊन अल्बेनियात उतरलं आणि दोनेक वर्षं वाटप करत राहिलं. अशा वेळी पश्चिमेकडून गिटार, प्रोजेक्टर आणि पुस्तकांची खोकी घेऊन तरुणांचे गट आले. सभेत विचारलं जायचं, ‘येशूला कोण स्वीकारतंय?’ आणि सगळेच्या सगळे हात वर.

त्या वर गेलेल्या हातांचे फोटो कुठल्या कुठल्या वार्तापत्रांत छापून आले असतील देव जाणे. पण त्या देशात व्यासपीठावरून प्रश्न आला की हात वर करायचा असतो, ही सवय चार दशकं लावलेली होती. निवडणुकीत पक्षाला जवळजवळ शंभर टक्के मतं पडायची. हात वर न करणं हा गुन्हा होता, वर करणं हा काही निर्णय नव्हता. शिवाय पाहुणा परदेशातून आलाय, त्याचा मान राखायला हवा, हेही होतंच. तेव्हा पहिल्या महिन्यात तुमच्याभोवती गर्दी जमली तर प्रभूचे आभार जरूर माना, पण घरी आकडे कळवू नका.

आता ‘देव नसलेला देश’ या समजुतीबद्दल. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाने १९६७ मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद केली. चर्च, मशिदी, मठ, बेक्ताशी या सूफी पंथाच्या दरवेशांचे तेक्के म्हणजे मठ मिळून २,१६९ इमारती, असा आकडा नेहमी दिला जातो. श्कोदर शहरातल्या मोठ्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं. त्याच शहरात निरीश्वरवादाचं संग्रहालय उघडलं. १९७६ च्या राज्यघटनेत तर लिहूनच टाकलं की राज्य कोणताही धर्म मानत नाही. मुलांची नावंसुद्धा धार्मिक नकोत म्हणून मंजूर नावांच्या याद्या निघाल्या. हे सगळं वाचून बाहेरच्या माणसाला वाटतं की आता पाटी कोरी आहे, आपण जाऊन लिहायचं.

पाटी कोरी वगैरे काही नव्हती. श्त्येफन कुर्ती नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी गुपचूप एका बाळाचा बाप्तिस्मा केला, म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना गोळी घातली गेली. एर्नेस्ट सिमोनी या तरुण धर्मगुरूंना १९६३ च्या नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना संपताच पकडलं. त्यांनी वर्षानुवर्षं स्पाचच्या खाणीत सक्तमजुरी केली, सुटल्यावर श्कोदरच्या गटारांत काम केलं, आणि तुरुंगात लॅटिन मिस्सा तोंडपाठ म्हणत राहिले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस राजधानी तिरानाला आले तेव्हा त्यांची कहाणी ऐकून पोपच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी त्यांनी सिमोनींना कार्डिनल केलं. ही झाली गाजलेली नावं. घराघरांत काय चालायचं ते कुठे छापून आलेलं नाही. ईस्टरची अंडी कांद्याच्या सालींत लाल रंगवायची, खायची आणि टरफलं कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून पुरायची. कारण सोमवारी शाळेत बाई सहज विचारल्यासारखं विचारणार : काल घरी काय खाल्लंत? उपवासाच्या दिवसांत कारखान्यात मुद्दाम दूध-चीज वाटायचे आणि कोण खात नाही यावर डोळा ठेवायचे. पाच-सहा वर्षांच्या पोराला घरी एक आणि बाहेर एक बोलायला शिकवणाऱ्या आया मी पुढे म्हाताऱ्या झालेल्या पाहिल्या.

४ नोव्हेंबर १९९० ला श्कोदरच्या कॅथलिक दफनभूमीत सिमोन युबानी या धर्मगुरूंनी उघड मिस्सा केली. युबानी आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात काढून आलेले. राजवट अजून पडलेली नव्हती, तरी हजारो लोक जमले, आणि त्यांत मुसलमानही होते. काही दिवसांनी त्याच शहरातली शिसे मशीद उघडली, तेव्हा ख्रिस्ती शेजारी तिकडे गेले. तोवर एकही परदेशी मिशनरी तिथे उतरलेला नव्हता. तुम्ही गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत अशा वृद्धांच्या घरी जा, त्यांच्या पुढ्यात बसा आणि ऐका. ते कॅथलिक असतील, ऑर्थोडॉक्स असतील. तुमची संस्था कदाचित त्यांना ‘नामधारी’ म्हणेल. तुम्ही म्हणू नका. ज्या बाईने बावीस-तेवीस वर्षं पांघरुणाखाली क्रूसाची खूण केली, तिच्यापुढे आपण कोण?

प्रोटेस्टंट लोकांचीही तिथे मुळं आहेत, आणि ती माहीत असणं कामाला येतं. दक्षिणेत कोर्चा शहरात किरियाझी कुटुंबाने १८९१ मध्ये अल्बेनियन भाषेतली मुलींची शाळा काढली. ऑटोमन सत्तेला ती भाषा शिकवणंच खुपत होतं, तो काळ. १९०८ मध्ये मोनास्तिरला अल्बेनियन लिपी ठरवायला परिषद भरली. त्याच घरातली पराश्केवी तिथे हजर होती, पुरुषांच्या त्या मेळाव्यात एकटीच बाई. आजही एखाद्या शाळामास्तरांशी बोलताना तुम्ही ‘आम्ही अमुक पंथाचे’ म्हणालात तर ते भुवया उंचावतील, ‘किरियाझींच्या परंपरेतले’ म्हणालात तर खुर्ची पुढे करतील. अर्थात खुर्चीची किंमत नंतर चुकवावी लागते : तुमच्या हातून काही शिकवलं जाणार आहे का, हे ते बघतात.

खरी जखम मात्र वेगळी आहे. माणसाचा माणसावरचा भरवसा त्या राजवटीने मुळापासून खणून काढला. ‘सिगुरिमी’ म्हणजे गुप्त पोलीस. त्यांचे खबरे चाळीत, वर्गात, कधी कधी घरातच. प्रत्येक कुटुंबाची एक ‘बिओग्राफी’ असे. काकाने देश सोडून पळायचा प्रयत्न केला, आजोबा जमीनदार होते, कुणी धर्मगुरू होता, एवढ्यावर ती ‘वाईट’ ठरायची. मग पोरांना विद्यापीठ नाही, चांगली नोकरी नाही, चांगल्या घरात लग्न नाही. अख्खी कुटुंबं लुश्न्याच्या दलदलीच्या पट्ट्यात सावर, ग्रादिश्तसारख्या गावांत हद्दपारीत राहिली. तिथे मुलं जन्मली, वाढली, त्यांना मुलं झाली.

तिरानाला आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मोठ्या बोलक्या. बाजार, सुना, गुडघेदुखी यांवर तासभर बोलतील. पण भावाचा विषय निघाला की उठून आधी स्वयंपाकघराचा नळ सोडायच्या आणि मग त्या पाण्याच्या आवाजाआड बोलायच्या. राजवट जाऊन तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. आमच्या इमारतीला पाणी दिवसातून थोडाच वेळ यायचं, त्यामुळे नळ कोरडा असेल त्या दिवशी रेडिओ. रेडिओलाही वीज लागायची, आणि ती गेली असेल तर भावाचा विषय दुसऱ्या दिवसावर. मी एकदा म्हटलं, ‘आता कोण ऐकणार आहे, आजी?’ त्यांनी माझ्याकडे अशा कीव करणाऱ्या नजरेने पाहिलं की मी गप्पच झालो. भावाविरुद्ध ज्याने साक्ष दिली तो माणूस त्याच जिन्याने रोज चढउतार करत होता. दोघांचा ‘मिरेदिता’ म्हणजे नमस्कार-चमत्कारही व्हायचा.

आता तुमच्या मंडळीत अशी दोन माणसं एका बाकावर बसणार आहेत, आणि हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. इथेच आपल्या पद्धती अडखळतात. साक्ष देण्याची आपली रीत बघा : उभं राहायचं, मी आधी असा होतो, प्रभूने मला असं बदललं, हे चारचौघांत सांगायचं. नव्वदच्या दशकात तिथल्या नव्या मंडळ्यांत ही रीत आली आणि लोक फार सफाईने साक्षी देऊ लागले. इतक्या सफाईने की जुन्या-जाणत्यांना शंका यावी. एका निवृत्त शिक्षकांनी मला त्याचं कोडं उलगडून सांगितलं. प्रत्येक कारखान्यात, शाळेत ‘आउतोक्रितिका’ व्हायची. सभेसमोर उभं राहून आपले दोष कबूल करायचे आणि पक्षाने वळणावर आणलं म्हणून आभार मानायचे. किती कबूल करायचं, कुठे थांबायचं, आवाज कधी दाटून आणायचा, याची प्रत्येकाला तालीम होती. जोडीला ‘फ्लेते-रुफे’. म्हणजे भिंतीवर तुमच्या नावाने चिकटवलेला कागद, त्यात सहकाऱ्यांनी लिहिलेले तुमचे दोष, आणि त्याला तुम्ही जाहीर उत्तर द्यायचं. ‘तुमची प्रार्थनासभा आणि ती सभा, खुर्च्यांची मांडणीसुद्धा सारखीच आहे,’ असं ते शिक्षक म्हणाले. ते स्वतः पुढे श्रद्धावान झाले, पण साक्ष मात्र त्यांनी आयुष्यात दिली नाही. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

तेव्हा व्यावहारिक सल्ला : मोठ्या वर्तुळात बसवून ‘प्रत्येकाने आपली प्रार्थनेची गरज सांगा’ हे पहिल्या वर्षी तरी करू नका. लोक गुडघेदुखी सांगतील. दोघं-दोघं, चालता-चालता बोला. तिथे संध्याकाळी अख्खं गाव रस्त्यावर फिरायला निघतं, त्याला ‘जिरो’ म्हणतात. भिंती नाहीत, बाजूने वर्दळ आहे, कुणाला वाक्य पुरतं ऐकू जात नाही. मी ऐकलेल्या खऱ्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक अशा फेऱ्यांत ऐकल्या. आणि ऐकलेलं कुणाला सांगू नका, सहकारी मिशनऱ्यालाही नाही, प्रार्थनापत्रात नाव बदलूनही नाही. छोटा देश आहे. नाव बदलल्याने काही लपत नाही.

एकमेकांच्या शेजारी बसलेल्या त्या दोघांचं पुढे काय करायचं, याचं माझ्याकडे तयार उत्तर नाही. सिगुरिमीच्या फायली बघण्याचा कायदा २०१५ मध्ये झाला. त्यानंतर काही जणांनी आपली फाईल मागवली, काहींनी मुद्दाम मागवली नाही. फाईल मागवू की नको, हे पाळकाला विचारायला लोक येत. ‘क्षमा कर’ हे वाक्य अशा वेळी घाईने तोंडातून काढू नका. क्षमा आज्ञा म्हणून ऐकवली की ती पक्षाच्या आदेशासारखीच लागते. ज्याने खबर दिली त्याने आधी यायला हवं, आणि तो येईपर्यंत दुसऱ्याच्या बाजूने थांबायला हवं. काही वेळा तो येतच नाही. मरतो.

मदतीच्या वस्तूंबद्दल थोडं खडसावूनच सांगतो. मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि शतकाच्या शेवटी पुन्हा दुष्काळ पडले तेव्हा मिशनने धान्य दिलं, कामं काढली, पोरकी मुलं सांभाळली, आणि त्याच सुमारास बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. पोटासाठी धर्म बदललेले, हा टोमणा आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. माझ्या आजीला त्याचा संताप यायचा, कारण तिची श्रद्धा अस्सल होती, आणि तरीही धान्य आलं होतं हे तिला नाकारता येत नव्हतं. अल्बेनियात जुन्या कपड्यांच्या गासड्या मंडळीच्या हॉलमधून वाटल्या जाताना पाहिल्या की मला आजी आठवायची. आज ज्या म्हाताऱ्याला तुम्ही उपासनेनंतर तेलाचा डबा देता, त्याच्या नातवाला उद्या हे ऐकावं लागणार आहे. ताई, तुम्ही नर्स आहात. नर्सचं काम करा, नीट करा, दवाखान्यात करा. रक्तदाब मोजून झाल्यावर पुस्तिका हातात देऊ नका. कुणी विचारलं, ‘तुम्ही एवढ्या लांबून का आलात?’ तर खरं सांगा. विचारतातच.

पगारांचंही तसंच. नव्वदच्या दशकात परदेशी संस्थेकडे दुभाष्याचं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरपेक्षा जास्त पैसे मिळत. हुशार पोरं साहजिकच तिकडे वळली, त्यांतली बरीचशी मंडळीची पुढारी झाली, आणि परदेशी निधी आटला तेव्हा काहींचं पुढारपणही आटलं. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली, ते उगाच नव्हे. स्थानिक पाळकाला पगार द्यायचा की नाही यावर तुमच्या संस्थेत वाद होईल. मी न देणाऱ्यांच्या बाजूचा. यात माझ्याशी असहमत असलेली चांगली माणसं आहेत.

१९९७ चं वर्ष समजून घेतल्याशिवाय तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसाशी बोलू नका. बाजार म्हणजे काय हे कधी न पाहिलेल्या लोकांपुढे गुंतवणूक कंपन्या उभ्या राहिल्या : वेफा, ग्यालित्सा, झाफेरी, पोपुली, आणि ‘सुदे’ नावाची एक बाई चालवायची ती. महिन्याला आठ-दहा टक्के, शेवटी शेवटी त्याहून कितीतरी जास्त व्याज. नवा पैसा आला की त्यातून जुन्याचं व्याज. लोकांनी घरं विकली, गुरं विकली, इटली-ग्रीसमध्ये राबणाऱ्या पोरांनी पाठवलेला पैसा घातला. कंपन्या बुडाल्या तेव्हा देणं देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास निम्म्याइतकं होतं. जमावाने शस्त्रागारं फोडली, लाखो बंदुका घरोघरी गेल्या, सुमारे २,००० माणसं मेली. दूतावासांनी आपापली माणसं हेलिकॉप्टरने उचलली.

बहुतेक मिशनरी गेले, थोडे राहिले. लहान मुलं घेऊन निघालेल्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या काही महिन्यांत एक गोष्ट घडली जी कुठल्याच योजनेत लिहिलेली नव्हती. मंडळ्या चालू राहिल्या. विशी-बाविशीतल्या अल्बेनियन पोरांनी उपासना घेतल्या, अंत्यविधी केले, गोळीबार चालू असताना पीठ पोहोचवलं. परदेशी लोक परतले तेव्हा त्यांना कुणी दोष दिला नाही, चहा-कॉफी झाली, सगळं झालं. फक्त किल्ल्या परत मिळाल्या नाहीत. त्या मिळायला नकोच होत्या.

मग १९९९. कोसोवोतून चार लाखांवर निर्वासित आले. तीसेक लाखांच्या, युरोपातल्या सगळ्यात गरीब देशात. तंबू होतेच, पण फार मोठ्या संख्येने लोक घराघरांत सामावले गेले. दोन खोल्यांच्या घरात अनोळखी आठ माणसं, आणि यजमान कुटुंब एका खोलीत. उत्तरेतलं कुकेस गाव तर स्वतःच्या लोकसंख्येहून जास्त पाहुणे सांभाळत होतं. याच्यामागे ‘बेसा’ आहे : दिलेला शब्द, आणि दारात आलेल्याचं रक्षण. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दापायी तिथल्या लोकांनी, बहुतांशी मुसलमानांनी, ज्यूंना लपवलं होतं. तेव्हा शेजारधर्म शिकवायला जात असाल तर जरा जपून. उलट बाजूही आहे. उत्तरेच्या डोंगरात ‘कानून’नुसार, म्हणजे जुन्या रूढींच्या कायद्यानुसार, रक्ताचा सूड चालतो. राजवटीने तो दाबला होता, ती गेल्यावर तो पुन्हा वर आला, आणि त्यापायी काही घरांतले मुलगे-पुरुष दाराबाहेर पडू शकले नाहीत. बेसा आणि सूड एकाच कानूनमधून येतात. अशा घरांत मध्यस्थी करायला परदेशी माणसाने पुढे होऊ नये. स्थानिक नन, पाळक, गावातले वडीलधारे ते करतात, तुम्ही त्या मुलांना शिकवायला घरी जाऊ शकता.

तिथला धर्म आपल्याला लवकर कळत नाही. २०२३ च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी स्वतःला मुसलमान म्हटलं, कॅथलिक ८ टक्क्यांच्या आसपास, ऑर्थोडॉक्स ७, बेक्ताशी ५ च्या जवळ, इव्हँजेलिकल अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकीच्यांत काही निरीश्वरवादी, काही नुसतेच श्रद्धावान, आणि पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. पण लाचजवळच्या डोंगरावर संत अँथनीचं चर्च आहे, तिथे १३ जूनला सगळ्या धर्मांचे लोक चढतात. राजवटीने ते पाडलं तरी लोक रात्री अवशेषांपाशी मेणबत्त्या लावायला जायचेच. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा पाहिलेल्याला हे नवं वाटणार नाही. तिरानातल्या घरात आजोबा बेक्ताशी, आजी ऑर्थोडॉक्स, जावई कॅथलिक आणि नातू ‘काही नाही’, हे सर्रास आढळतं. त्यामुळे कुणी बाप्तिस्मा घेतो म्हटल्यावर घरी भांडण होतं ते बहुधा देवावरून नसतं. ‘आम्हाला न विचारता परक्याच्या नादी लागला’ यावरून असतं. घरच्यांना आधी भेटा. कॉफी प्या. बाप्तिस्मा वर्षभर लांबला तर काही बिघडत नाही.

आर्चबिशप अनास्तासिओस यांच्याकडे पाहून मी हे शिकलो. ते ग्रीक, आधी पूर्व आफ्रिकेत मिशनरी. १९९१ मध्ये अल्बेनियात आले तेव्हा ऑर्थोडॉक्स चर्चचे जेमतेम २२ धर्मगुरू जिवंत उरले होते, सगळे म्हातारे. ग्रीक म्हणून त्यांच्यावर संशय, वर्तमानपत्रांत शिव्या, हकालपट्टीच्या मागण्या. ते राहिले. दुर्रेसजवळ शेन व्लाशला धर्मगुरूंची शाळा काढली, अल्बेनियन तरुण तयार केले, दवाखाने चालवले, चर्च बांधली. २०२५ च्या जानेवारीत वारले, तोवर तिथेच. प्रोटेस्टंट म्हणून मला त्यांच्या कितीतरी गोष्टी पटत नाहीत. राहिले, हे पटतं.

मदर तेरेसा यांचा विषय निघेलच, कारण तुम्ही भारतातले. त्या जन्माने अल्बेनियन, आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोपयेच्या. आई आणि बहीण तिरानात अडकलेल्या. होजाच्या सरकारने ना त्यांना बाहेर सोडलं, ना मदरना आत येऊ दिलं. आई १९७२ मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी. मदर १९८९ मध्ये कबरींपाशी पोहोचल्या. आज तुम्ही उतराल तो विमानतळ त्यांच्या नावाचा आहे. टॅक्सीवाला ‘इंडिया’ ऐकून त्यांचं नाव काढील आणि कदाचित पैसे कमी घेईल. या पुण्याईवर फार दिवस जगू नका.

रोजचं जगणं आता बरंच सुकर झालं आहे. आम्ही गेलो तेव्हाचे दिवसच्या दिवस वीज नसण्याचे हाल तुम्हाला सोसावे लागणार नाहीत. होजाने बांधलेले सुमारे १,७३,००० काँक्रीटचे बंकर अजून कुठे कुठे शेतांत, समुद्रकिनारी दिसतील. लोक होकाराला मान आडवी हलवतात, हे पहिले काही आठवडे छळेल, बाजारात विशेष. कुणाच्या घरी गेलात तर बूट दाराशी काढा. ट्रेमध्ये कॉफी, पाणी, फळाचा गोड मुरांबा आणि राकी ही तिथली कडक दारू येईल. राकी नको असेल तर ग्लास ओठांना लावून ठेवून द्या, धर्माचं कारण सांगत बसू नका. बसल्या-बसल्या घरातल्या प्रत्येकाची एकेक करून चौकशी होते. तुम्हीही तशीच करायची. घाई दाखवलीत तर भेट झालीच नाही असं समजा. भाषा अवघड आहे. उत्तरेची गेग, दक्षिणेची तोस्क, आणि शाळेत शिकवतात ती तोस्कवर बेतलेली प्रमाणभाषा. ती शिकाच. तरुण इंग्रजी-इटालियन फाडफाड बोलतात म्हणून भुलू नका. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे ते म्हातारे या भाषा बोलत नाहीत.

आणि आता ज्याबद्दल संस्था तुम्हाला बहुधा काही सांगणार नाही ते. देश रिकामा होतोय. राजवट पडताना लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास होती, २०२३ मध्ये ती २४ लाख भरली. डॉक्टर, नर्स, इंजिनियर जर्मनीला, बाकीचे इटली-ग्रीस-इंग्लंडला. तुम्ही पाच वर्षं खपून दहा तरुणांना तयार कराल आणि त्यांतले सात जातील. बोलोन्यात, म्युनिकमध्ये अल्बेनियन भाषेत प्रार्थना करणारे गट आहेत, ते याच मुलांचे. मागे राहतात आई-वडील, मोठ्या घरांत एकटे, फोनवर नातवंडं बघत. म्हणूनच मला विचाराल तर आज तिथे तरुणांच्या शिबिरांपेक्षा म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे मोठं काम आहे. त्याचे फोटो चांगले येत नाहीत आणि त्याला निधी मिळायला त्रास होतो. ताई, तुमचं शिक्षण नेमकं त्याच कामाचं आहे.

राहिला दोन वर्षांचा प्रश्न. दोन वर्षांत भाषा येते, आजी नळ सोडून बोलायला लागते, आणि तुमचं परतीचं तिकीट निघतं. ज्या माणसांना जवळची माणसं गमावायची इतकी सवय आहे, त्यांना आणखी दोन कशाला द्यायची? पाच वर्षांसाठी जा. ते जमत नसेल तर दोन महिन्यांसाठी, उघड पाहुणे म्हणून जा, स्थानिक दवाखान्यात हात लावा आणि या. मधलं नको. संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा : तिथल्या मंडळीचा निर्णय कोण घेतं, तिथले लोक की बाहेरचं कार्यालय, पहिलं वर्ष फक्त भाषेला देता येईल का, आणि दर महिन्याला आकडे कळवावे लागतात का. काय उत्तर येतं ते मला कळवा. पहिल्या प्रश्नाला ‘बाहेरचं कार्यालय’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघू, नाहीतर भाषेसाठी शिक्षक मी शोधून देतो. ऑनलाइन शिकवणारे चांगले आहेत, आणि निघायच्या आधी सहा महिने सुरुवात झालेली बरी.